वाक्यात उपयोग करा

गेल्या महिन्यातली गोष्ट. संध्याकाळी दिवेलागणीला नात वही घेऊन माझ्याजवळ आली. ती इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पाचवीत आहे. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीचे झाले, तेव्हापासून आमच्या घरात मराठीच्या गृहपाठाचे खाते आपोआप आजीकडे आले आहे. त्या दिवशीचा प्रश्न जुनाच, अगदी आमच्या वेळचा होता : पुढील शब्दांचा वाक्यात उपयोग करा. काटकसरी, आळशी, मेहनती, विसराळू आणि बढाईखोर. पहिल्या चार शब्दांसाठी तिने कुणा रामूला आणि कुणा गीताला कामाला लावले होते. पाचव्या शब्दापाशी मात्र रामूला सुट्टी दिली होती. तिथे लिहिले होते, "आमच्या बिल्डिंगमधले आबा बढाईखोर आहेत."

मला आधी हसूच आले. वाक्य व्याकरणाने निर्दोष होते, ऱ्हस्व-दीर्घही बरोबर होते. "हे तुला कुणी सांगितलं गं?" मी विचारले. ती म्हणाली, "कुणी कशाला सांगायला हवं? तूच म्हणतेस. बाबा पण म्हणतात. आबा लिफ्टमध्ये शिरले की आई हळूच म्हणते, झालं, आता सुरू होणार!"

माझे हसू तिथेच थांबले. मुलीने शब्द पुस्तकातून शिकला नव्हता, आमच्या जेवणाच्या टेबलावरून उचलला होता. आणि ज्या माणसाचे नाव तिने वहीत घातले होते, तो माणूस रोज सकाळी खाली बाकावर बसून तिला "काय मॅडम, शाळेला?" असे विचारतो.

त्या रात्री झोप लागेपर्यंत मी त्या एका शब्दाचाच विचार करत होते.

शब्दांची श्रीमंती

बढाईच्या बाबतीत आपली भाषा मोठी सधन आहे. मोल्सवर्थसाहेबाचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि १८५७ साली त्याची दुसरी आवृत्ती आली. पुढे दाते-कर्वे मंडळींनी १९३२ पासून महाराष्ट्र शब्दकोशाचे जाडजूड विभाग सिद्ध केले. अशा कोशांतून थोडे फिरले की आपल्या पूर्वजांना बढाईच्या किती जाती ओळखता येत होत्या ते कळते. फुशारकी, शेखी, प्रौढी, ऐट, तोरा, मिजास, गमजा, वल्गना, दर्पोक्ती. शिवाय प्रत्येकीचे क्रियापद वेगळे. फुशारकी आणि बाता मारायच्या, प्रौढी मिरवायची, टिमकी वाजवायची, भाव मात्र खायचा!

यातल्या एकेका शब्दामागे एक चित्र आहे. टेंभा म्हणजे मशाल. ती मिरवणुकीच्या पुढे धरायची असते, म्हणजे उजेड दुसऱ्यांना व्हावा. जो ती आपल्याच तोंडासमोर धरून चालतो, तो टेंभा मिरवतो. वल्गना हा शब्द संस्कृतातला. मूळ अर्थ उड्या मारणे, घोड्याने दौडणे. जागच्या जागी टापा आपटायच्या आणि मैदान मारल्याचा आव आणायचा. गमजा ही फारसीतून आली. तिकडे ग़मज़ा म्हणजे नेत्रकटाक्ष, नखरा. आपल्याकडे येता येता ती पोकळ तोऱ्याची गमजा झाली. शेखीमध्ये अरबीतला शेख बसला आहे. शेख म्हणजे वडीलधारा, जमातीतला प्रमुख. अंगी नसलेले शेखपण अंगावर घेतले की झाली शेखी.

आणि आता आपला बढाईखोर. यातला "खोर" हाही फारसी पाहुणा. खोर म्हणजे खाणारा. लाचखोर लाच खातो, नफेखोर नफा खातो, भांडखोराचे भांडणाशिवाय पोट भरत नाही. मग बढाईखोर कोण? जो बढाईवर जगतो, बढाई ज्याचे अन्न आहे, तो. इतकी वर्षे हा शब्द वापरते आहे, पण तो इतका करुण आहे हे मला त्या रात्री पहिल्यांदा जाणवले. माणूस अन्न खातो तो भुकेपोटी. बढाई खाणाऱ्याला कसली भूक असेल, हे आपण कधी विचारतो का?

लोकलमधले व्याकरण

उपनगरांनी या शब्दसंग्रहात आपली भर घातली आहेच. आमच्या तरुणपणी बोरिवली-अंधेरीकडची मुले "बंडल मारू नकोस" म्हणत, "पुड्या सोडू नकोस" म्हणत. पुढे "शायनिंग मारणे" आले. मग "चमकेश" आला, "फेकू" आला. घाटकोपर-मुलुंडकडे मराठी, गुजराती आणि हिंदी एकाच फुटपाथवरून चालत असल्याने तिथले शब्द आणखी मिसळीचे. त्यात वाईट काही नाही. भाषा अशीच वाढते.

बोरिवलीहून चर्चगेटला जाणाऱ्या फास्ट लोकलच्या लेडीज डब्यात मी अठ्ठावीस वर्षे काढली. तास-तासाचा प्रवास, रोज दोनदा. आमच्या ग्रुपमध्ये बढाईला बंदी नव्हती, दंड होता. दहावीच्या निकालाच्या दिवसांत आपल्या मुलाच्या टक्क्यांचे पुराण जिने अंधेरी ओलांडेपर्यंत संपवले नाही, तिने दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बटाटेवडे आणायचे! "काय गं, आज टेप फारच लांबली," असे आम्ही तिला तोंडावर म्हणत असू. ती लाजायची, हसायची आणि दुसऱ्या दिवशी खुशाल वडे घेऊन यायची. मुलाचे कौतुकही व्हायचे, तिचे विमानही अलगद खाली उतरायचे. कुणी दुखावले जात नसे.

आता घरातल्या टेबलावरचा प्रकार पाहा. तिथेही शब्द तोच, पण ज्याच्याविषयी तो वापरायचा तो समोर नसतो. शाळेत आपण प्रथम, द्वितीय आणि तृतीय पुरुष शिकतो. "तू फुशारक्या मारतोस" हे द्वितीय पुरुषी वाक्य. त्याला उत्तर देता येते, त्यावर हसता येते, त्यातून सुधारताही येते. "ते बढाईखोर आहेत" हे तृतीय पुरुषी. हा निकाल असतो, आणि आरोपीला बाजू मांडायची सोय नसलेला निकाल. चाळीतल्या गॅलरीत माणसे एकमेकांना तोंडावर बोलत. इमारतीत आलो, दारे बंद झाली, आणि आपली बहुतेक वाक्ये तृतीय पुरुषी झाली. आता तर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोंडभर अभिनंदन करायचे आणि खालोखाल दुसऱ्या, छोट्या ग्रुपवर "फेकू" म्हणून हसायचे, अशी दुहेरी सोय झाली आहे.

प्रथम पुरुषी वाक्य मात्र कुणीच करत नाही. "मी बढाईखोर आहे" असे मी तरी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेले नाही.

राजपुत्र उत्तराची गोष्ट

मग बढाई वाईट नाही का? आहे. पण कुठली वाईट आणि किती, हे पाहायला हवे. आपल्याकडे बढाईखोराचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण महाभारताच्या विराटपर्वातल्या उत्तराचे. कौरवांनी गाई पळवल्या. राजा विराट दुसऱ्या आघाडीवर लढायला गेलेला. राजपुत्र उत्तर अंतःपुरात बायकांसमोर सांगू लागला की चांगला सारथी असता तर एकट्याने कौरवांची दाणादाण उडवली असती. सारथी म्हणून बृहन्नडा, म्हणजे वेषांतर केलेला अर्जुन, निघाली. बहीण उत्तरेने बाहुल्यांसाठी शत्रूंची भरजरी वस्त्रे आणायला सांगितले. प्रत्यक्ष सेना दिसली तेव्हा राजपुत्राने रथातून उडी टाकली आणि पळ काढला. अर्जुनाने त्याला धरून आणले, सारथ्य करायला लावले आणि लढाई स्वतः जिंकली.

ही गोष्ट आपण इथपर्यंतच सांगतो आणि हसतो. खरी गंमत पुढे आहे. परतताना अर्जुन उत्तराला म्हणतो, विजय तूच मिळवलास असे सांग. म्हणजे आयती बढाई हातात येते, तीही खुद्द विजेत्याच्या संमतीने. पण उत्तर ती घेत नाही. तिकडे बाप मात्र दरबारात मुलाच्या पराक्रमाची टिमकी वाजवत बसला आहे. कंक, म्हणजे युधिष्ठिर, म्हणतो की बृहन्नडा बरोबर होती तर विजय व्हायचाच. ते ऐकून राजा संतापतो आणि हातातला फासा त्याच्या तोंडावर फेकून मारतो. नाकातून रक्त येते. मुलगा आल्यावर बापाला क्षमा मागायला लावतो आणि भर दरबारात सांगतो, हा विजय माझा नाही, एका देवपुत्राचा आहे.

या एका गोष्टीत बढाईच्या दोन्ही जाती आहेत. पोराची बढाई कोवळी होती, भीतीवर पांघरलेली होती. तिने दुसऱ्या कुणाला इजा झाली नाही, आणि लढाई डोळ्यांनी पाहिल्यावर ती गळून पडली. बापाच्या बढाईने मात्र दुसऱ्याच्या नाकातून रक्त काढले.

समर्थांनीही हा भेद केला आहे. दासबोधाच्या दुसऱ्या दशकाच्या पहिल्याच समासात मूर्खाची लक्षणे आहेत. त्यांत स्वतःची स्तुती करणारा आणि वाडवडिलांची कीर्ती सांगत बसणारा येतो. तो साधा मूर्ख. त्याच दशकाच्या शेवटच्या समासात पढतमूर्खाची लक्षणे येतात. त्यांत आपल्या ज्ञातेपणाच्या जोरावर सगळ्यांना नावे ठेवणारा आहे. म्हणजे स्वतःला उंच करणारा एक आणि दुसऱ्याला खुजा करणारा दुसरा. समर्थांनी दोघांना एका ओळीत बसवले नाही. आपण मात्र दोघांना एकाच शब्दाने हाक मारतो.

जिला आपण बढाई म्हणत नाही

उलट, ज्या बढाईला खडसावून नाव ठेवायला हवे तिच्याशी आपण फार अदबीने वागतो. अंधेरीच्या किंवा मुलुंडच्या कुठल्याही नाक्यावर मान वर करून पाहा. वाढदिवसाचा फ्लेक्स. मधोमध हात जोडलेले "कार्यसम्राट", भोवती शुभेच्छा देणारे डझनभर चेहरे. कार्य कोणते, ते लिहिलेले नसते. याला आपण बढाई म्हणत नाही, "प्रसिद्धी" म्हणतो. धंद्यातल्या बढाईला "मार्केटिंग" म्हणतो. साहेब मीटिंगमध्ये हाताखालच्याचे काम स्वतःच्या नावावर सांगतो, त्याला "पर्सनॅलिटी" म्हणतो.

१३ मे २०२४ ची दुपार या भागातले लोक विसरणार नाहीत. वादळी वारा सुटला आणि घाटकोपर पूर्वेला छेडानगरजवळच्या पेट्रोल पंपावर एक अवाढव्य जाहिरात फलक कोसळला. पावसापासून आडोसा घ्यायला, पेट्रोल भरायला थांबलेल्या माणसांपैकी १७ जणांचा जीव गेला, सत्तरहून अधिक जखमी झाले. महापालिकेची मर्यादा ४० फूट बाय ४० फुटांची. हा फलक सुमारे १२० फूट बाय १२० फूट, म्हणजे क्षेत्रफळाने नऊपट. आणि या प्रचंड आकाराची विक्रम म्हणून लिम्का बुकात नोंद झाली होती, हेही अपघातानंतरच्या बातम्यांतून सगळ्यांना कळले. परवानगी, पाया, जबाबदारी हे प्रश्न कायद्याचे आहेत. पण मला सारखे वाटते, नियमापेक्षा नऊपट मोठी गोष्ट रस्त्याकडेला उभी होती आणि तिचे मोठेपण हाच तिचा गौरव झाला होता. आम्ही सगळे तिच्याखालून गेलो. एकानेही "हा भपका कशासाठी?" असे विचारले नाही. बाकावरच्या म्हाताऱ्यापुढे तेवढी आमची जीभ चालते!

न सांगण्याचीही चूक

या शब्दाचा आणखी एक बळी आहे. तो घरातच असतो. मुलुंडला राहणारा माझा एक भाचा इंजिनिअर झाला. हुशार, कष्टाळू. मुलाखतीहून परत आला तो उतरलेल्या चेहऱ्याने. "काय विचारलं रे?" तर म्हणाला, "मावशी, तुमची जमेची बाजू सांगा म्हणाले. मला काही सुचेचना. आपणच आपलं कसं सांगायचं?" कॉलेजच्या प्रकल्पात अर्ध्याहून जास्त काम त्याने केले होते. शेजारच्या खुर्चीवरच्या मुलाने "आम्ही"चे "मी" करून सगळे सांगितले. नोकरी त्याला मिळाली.

मला त्याचा लहानपणचा एक प्रसंग आठवला. चित्रकलेच्या परीक्षेचे प्रमाणपत्र घेऊन तो पाहुण्यांसमोर नाचत आला होता, आणि आमच्यापैकीच कुणीतरी म्हणाले होते, "पुरे, फार शायनिंग मारू नकोस." त्या "कुणीतरी"चा चेहरा मला आठवत नाही. बहुधा ती मीच असेन. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण आपण मुलांना इतक्या लवकर शिकवतो की खोल पाणीसुद्धा वाहायचे थांबते.

तेव्हा मला वाटते ते असे. झालेली गोष्ट झाली तेवढीच सांगणे ही बढाई नव्हे, तो हिशेब आहे. तो मुलांना मोकळेपणाने सांगता आला पाहिजे. झालेल्या गोष्टीला थोडे तिखटमीठ लावणे ही फुशारकी. तिला बटाटेवड्यांचा दंड पुरे. न झालेली गोष्ट सांगणे ही थाप. ती तोंडावर धरावी, पाठीमागे नव्हे. आणि दुसऱ्याला लहान करून, दुसऱ्याचे लाटून किंवा दुसऱ्याचा जीव धोक्यात घालून मोठे होणे हा दर्प. आपला सर्वांत धारदार शब्द त्याच्यासाठी राखून ठेवावा. भाषेने इतके शब्द दिले ते काही उगीच नाही.

आबांचे साचे

दुसऱ्या दिवशी वाटीभर कोथिंबीरवड्या घेऊन मी आबांकडे गेले. म्हटले, एकदा द्वितीय पुरुषात बोलून पाहावे. आबा गिरणी कामगार. विणाई खात्यात होते. नेहमीप्रमाणे त्यांनी सुरुवात केली : बाकीचे दोन साचे सांभाळत तिथे ते एकटे चार सांभाळत. साहेब येऊन पाठ थोपटून जात असे. कामगारांच्या नाट्यस्पर्धेत त्यांच्या एका प्रवेशाला पाच मिनिटे टाळ्या थांबल्या नव्हत्या. हे सगळे इतक्या मोठ्या आवाजात की जिन्यापर्यंत ऐकू जावे.

"आणि संपानंतर, आबा?" मी विचारले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. आबा एकदम गप्प झाले. मग म्हणाले, "चहा घेणार ना?" आणि टीव्हीकडे पाहू लागले.

निघताना त्यांच्या सूनबाई दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "काकू, त्यांना ऐकू कमी येतं. साच्यांच्या आवाजाने कान गेलेत. म्हणून ओरडून बोलतात." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "संपानंतर वीस वर्षं अंधेरीला रात्रपाळीचे वॉचमन होते. गणवेश पिशवीत घालून न्यायचे, कुणी बघू नये म्हणून. ते कधी काढत नाहीत."

आबांच्या आवाजाला आम्ही इतकी वर्षे बढाई समजलो, तो यंत्रांचा आवाज होता. चार साचे खरे की दोन, मला माहीत नाही. टाळ्या पाच मिनिटे नसतीलही. पण ज्या वीस वर्षांत त्यांनी घर चालवले, मुले शिकवली, ती वीस वर्षे त्यांच्या गोष्टीत नाहीत. सांगण्यासारखे होते ते त्यांनी लपवले आणि जुन्या टाळ्यांवर दिवस काढले. खोर म्हणजे खाणारा, हे मला तिथे जिन्यात उभे राहून नीट कळले.

घरी आल्यावर नातीला हे सगळे सांगितले नाही. एवढेच म्हटले, की खऱ्या माणसाचे नाव वहीत घालू नये, आणि तिला राजपुत्र उत्तराची गोष्ट सांगितली. अगदी शेवटपर्यंत. तिने रबर घेतले, वाक्य खोडले आणि थोडा विचार करून नवे लिहिले : "उत्तर आधी बढाईखोर होता."

वही तपासून आली तेव्हा बाईंनी "उत्तर" या शब्दाभोवती लाल गोल काढून पुढे प्रश्नचिन्ह दिले होते. नात चिडली. मी म्हटले, चिडू नकोस, उद्या बाईंना गोष्ट सांग. आणि हो, खाली आबा बसले असतील. त्यांना जरा मोठ्याने हाक मार.